आधी कोयंडा, मग कुलूप

घरफोडीची बातमी वाचताना मी आधी चोर आत कसा शिरला ते बघतो. बहुतेक वेळा तिथे एकच वाक्य असतं : 'बंद घराचा कडी-कोयंडा तोडून'. चोरीनंतर दार दुरुस्तीला बोलावतात तेव्हाही मला हेच दिसतं. कुलूप लावलेलं, धडधाकट, आणि कोयंड्यासकट उंबऱ्यात पडलेलं. सोलापुरात कुलपं आणि दरवाजाचं सामान विकणं-बसवणं हा माझा व्यवसाय. दुकानात येणारं गिऱ्हाईक मात्र थेट कुलपालाच हात घालतं : "मजबूत दाखवा, पण स्वस्तातलं." मजबुती आणि स्वस्ताई दोन्ही साधता येतात. पैसा आधी कुठे घालायचा, एवढं कळायला हवं.

चोराकडे वेळ कमी असतो. किल्लीच्या भोकाशी तो खटपट करत बसत नाही. कोयंड्याच्या मागे कटावणी घालतो आणि अंगाचा भार टाकतो. पट्टी पाऊण इंची स्क्रूंवर बसवलेली असेल तर ते लाकडाचा भुसा घेऊन बाहेर येतात. त्यातून घाईतल्या कारागिरानं ते पिळण्याऐवजी हातोडीनं ठोकलेले असले, तर आट्यांनी लाकूड धरलेलंच नसतं. एका झटक्यात काम होतं. अशा दारावर महागडं कुलूप लटकवून काय उपयोग?

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी चौकट आणि बिजागऱ्या बघायच्या. वाळवी लागलेल्या चौकटीत कुठलाच स्क्रू टिकत नाही. मग जाड, भरीव सळईचं आल्ड्रॉप घ्यायचं आणि ते फळीतून आरपार नट-बोल्टनं बसवायचं. बोल्टचं गुळगुळीत गोल डोकं बाहेर, वायसर आणि नट आत. बाहेरून पाना लावायला जागाच उरत नाही. चौकटीच्या बाजूला आधी बारीक भोक पाडून दोन-अडीच इंची स्क्रू पिळायचे. दार लोखंडी असेल तर कोयंडा वेल्डिंग करून घ्यावा. या सगळ्याचा खर्च चांगल्या कुलपाच्या किमतीपेक्षा फारसा जास्त होत नाही.

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगरमधली १५ हजार घरं कामगारांच्या ताब्यात आली. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या माणसांची ही घरं. हक्काच्या दाराला पहिल्यांदा कुलूप घेणाऱ्या माणसाचा एक रुपयाही वाया जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. हजार रुपये असतील तर निम्मे कोयंडा, बोल्ट आणि कारागिराच्या मजुरीवर घालावेत, उरलेल्या निम्म्यात कुलूप बसवावं.

आता कुलूप. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. त्या घराण्याचं 'नवताल' १९५४ साली आलं आणि घराघरात पोचलं. आजही आपल्याकडे लोक लिव्हर किती ते मोजून कुलूप घेतात. लिव्हर म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो, तेव्हाच कुलूप सुटतं. पट्ट्या जास्त असल्या की परकी किल्ली लागणं अवघड होतं, हे खरं. पण घरासाठी सहा-सात लिव्हर पुरे. त्यापुढे पैसा घालायचा तो वरच्या दांडीत. ती जाड आणि पाणी दिलेल्या पोलादाची हवी, म्हणजे करवत सहज चालत नाही. आणि दांडी कोयंड्यात जेमतेम मावावी. मधे मोकळी जागा राहिली की कटावणीला वाट मिळते. अलीगढहून येणारी हलकी कुलपं कपाटाला, सायकलला चालतात. त्यांच्यावर घर सोडू नये.

बाहेर लटकणारं कुलूप घरात कोणी नसल्याचं रस्त्यावरून सांगतं. कोजागरीला अर्धं सोलापूर तुळजापूरला पायी निघतं, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत लोटतं, दिवाळीत गावी जातं. असं वरचेवर घर बंद राहत असेल तर आतल्या बाजूला बसणारं, बाहेरून फक्त किल्लीचं भोक दिसणारं कुलूप घ्यावं. मात्र दार ओढलं की आपोआप लागणाऱ्या साध्या लॅचवर विसंबू नये. तिरकी जीभ पातळ पट्टीनं मागे सारता येते. किल्लीचे जास्तीचे फेरे देऊन सरळ बोल्ट चौकटीत खोल जाणारं निवडावं. पातळ फळीच्या दारात मॉर्टाइज लॉकसाठी खाच पाडली की दार तिथेच कमकुवत होतं, हेही लक्षात ठेवावं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाताना खालचं दार नुसतं ओढून घेण्याची सवय तर सोडायलाच हवी.

आपल्या गावात कुलपाचा आणखी एक शत्रू आहे : कापसाची तूस. घराला लागून माग असला की ती किल्लीच्या भोकात साठते. त्यात कोणी खोबरेल तेल सोडलं की धूळ आणि तूस मिळून काळा लगदा होतो. असं कुलूप मी उघडतो तेव्हा सुईनं टोकरत ती चिकट वात बाहेर काढावी लागते. बिचारं कुलूप चांगलं असतं. भोकावर झाकण असलेलं कुलूप घ्या आणि तेलाऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरा.

बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपं आता आली आहेत. ती घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं बोट दुकानातच लावून बघा. वर्षानुवर्षं विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. घराच्या मालकिणीलाच दार न उघडणारं कुलूप मी विकत नाही. घ्यायचंच तर किल्लीची सोय असलेलं घ्या आणि ती किल्ली घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

शेवटची गोष्ट मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. आगीत माणसाच्या हाती किती थोडा वेळ असतो, हे त्या दिवशी साऱ्या गावानं पाहिलं. तेव्हा रात्री आतून कुलूप घालून किल्ली उशाशी ठेवू नका. आतून कडी, बोल्ट किंवा मूठ फिरवून सुटणारं कुलूपच असावं, आणि ते घरातल्या लहान मुलाला व आजीला अंधारातही उघडता आलं पाहिजे. कुलूप घरी बसवून झालं की दिवे बंद करा आणि दोघांकडूनही ते एकदा उघडून घ्या. जमलं नाही तर कुलूप परत आणा, मी बदलून देईन.