आधी त्याचा घास विचारा

"भूक लागली की खाईल." हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? मूल भेंडीला नाक मुरडते, दुधीभोपळा ताटाच्या कडेला सारते आणि आई ताट उचलता उचलता हे बोलून जाते. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. संध्याकाळपर्यंत तेच मूल स्वयंपाकघरात डबे उघडून पाहत असते. पण अल्लाहच्या या दुनियेत असेही जीव आहेत, ज्यांना हा नियम लागू पडत नाही. समोर अन्न तरंगत असते, पोट रिकामे असते, तरी ते तोंड उघडत नाहीत आणि हळूहळू झिजून मरतात. अशा जीवांची ओळख मला माझ्या धाकट्या भावाच्या नागपूरच्या घरी झाली.

आमचे चिमूर जंगलाच्या कडेचे गाव. मासे इथे नवे नाहीत. तलावातले रोहू, कतला, मरळ बाजारात येतात आणि कढईत जातात. समुद्र मात्र कोणत्याही दिशेने निघालो तरी शेकडो किलोमीटर दूर. तरीही भावाने आपल्या बैठकीत तीनशे लिटरचा समुद्र थाटला आहे. सुट्टीत तिकडे गेलो की माझा आठवीतला मुलगा मामूच्या त्या काचेसमोरून हलत नाही. यंदा त्याने हट्टच धरला, "अम्मी, आपल्या घरीही अशीच टाकी हवी." मी ना हो म्हटले ना नाही. शिक्षिकेच्या सवयीने त्याला आधी गृहपाठ दिला आणि मीही त्याच्यासोबत शिकायला बसले.

पहिला धडा पाण्याचा. समुद्री टाकीत साधे मीठ चालत नाही. त्यासाठी वेगळे मीठ मिळते आणि ते शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मिसळावे लागते. पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोजची तूट भरताना गोडे पाणीच घालायचे. टाकी भरली की लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला चार-सहा आठवडे लागतात. पाणी २५-२६ अंशांवर ठेवावे लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र हवे आणि त्या यंत्राला वीज हवी.

हे सगळे पैशाने आणि मेहनतीने जमते. दुसरा धडा अन्नाचा आणि तो कठीण आहे. ज्याला मुले 'निमो' म्हणतात, तो क्लाउनफिश गुणी मासा. दाणे टाकले की वर येतो आणि खातो. पण दुकानात सर्वांत आधी नजर जाते ती मँडरिनवर. निळ्या अंगावर नारिंगी नक्षी, जणू कोणी रेशमी शालच पांघरली आहे. हा मासा समुद्रात दिवसभर खडकांवरून फिरतो आणि डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जिवंत किडे टिपतो. त्याला पोटाची पिशवीच नसते. त्यामुळे एकदा भरपूर खाऊन तो दिवसभर राहू शकत नाही. दाणे त्याच्या लेखी अन्न नाहीतच. भावाच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नव्या टाकीत मँडरिन सोडला. टाकीतले किडे संपले, मासा फिरत राहिला, टिपत राहिला, दोन महिन्यांत पोट खपाटीला गेले आणि एके सकाळी तो वाळूवर पडलेला दिसला. लोक म्हणाले, रोग झाला. रोग नव्हता, उपासमार होती.

भावाकडे कॉपरबँड बटरफ्लाय नावाचा मासा आहे. पांढऱ्या अंगावर केशरी पट्टे आणि चिमट्यासारखे लांब तोंड. ते तोंड खडकांच्या फटीतून किडे ओढून काढण्यासाठी आहे. आणल्यावर नऊ दिवस त्याने काही खाल्ले नाही. दाणे, गोठवलेली कोळंबी, सगळे पुढ्यातून वाहून गेले. शेवटी माझ्या भावजयीने बाजारातून बर्फात आलेल्या तिसऱ्या आणल्या, एक उघडली आणि शिंपीसकट टाकीत ठेवली. मासा आला, त्याने फटीत तोंड घातले आणि एक तुकडा ओढला. "त्याला जेवण नको नव्हते, ताट ओळखीचे नव्हते," असे भावजय म्हणाली. उरलेली शिंपी दोन तासांत काढावी लागते, नाहीतर पाणी नासते. सोबतीला ती बरणीत आर्टेमियाची अंडी उबवते. खाऱ्या पाण्यात हवा सोडत ठेवली की साधारण चोवीस तासांत पिल्ले निघतात. एका बाजूला टॉर्च धरला की ती सगळी उजेडाकडे गोळा होतात आणि नळीने ओढून घेता येतात. हे काम रोजचे. ईद असो, लग्न असो, घरात आजारपण असो.

इथे मला दोन हदीस आठवल्या. लहानग्या अबू उमैरकडे एक छोटा पक्षी होता आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्या मुलाकडे प्रेमाने पक्ष्याची चौकशी करत. त्यावरून उलमांनी पक्षी पाळणे जायज सांगितले. दुसरी हदीस त्या स्त्रीची, जिने मांजर कोंडून ठेवले, स्वतः खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन शोधूही दिले नाही. त्यासाठी तिला अजाब झाला. पाळण्याची मुभा आणि पाळण्याची जबाबदारी, दोन्ही यात आल्या. मासा तर मांजरासारखा ओरडतही नाही. काचेच्या आत तो उपाशी असला तरी सुंदरच दिसतो.

आणखी एक गोष्ट मुलाच्या वहीत आली. बहुतेक समुद्री शोभेचे मासे थेट समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपिन्स, इंडोनेशियाकडे सायनाइड फवारून मासे गुंगवण्याचा प्रकार १९६० च्या दशकापासून चालत आला आणि बंदी असूनही पुरता थांबलेला नाही. असा मासा घरी येण्याआधीच आतून खचलेला असतो. समुद्री घोडा आणि प्रवाळ तर २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकले गेले. आपल्या ताडोबाचा वाघ ज्या यादीत, त्याच यादीत हे. म्हणजे ते घरी ठेवायचा प्रश्नच नाही. याउलट क्लाउनफिशची पैदास आता टाकीत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशातही ती करून दाखवली आहे. टाकीत जन्मलेला मासा दाण्याला लहानपणापासून ओळखतो.

मुलाने वहीत पाच मासे लिहिले होते. नावासमोर रंग नाही, अन्न लिहायचे, अशी माझी अट होती. वही भरता भरता त्याने स्वतःच मँडरिन खोडला, मग समुद्री घोडा, मग कॉपरबँड. क्लाउनफिश उरला. त्याच्यापुढे त्याने लिहिले, "मे महिन्यात रात्रभर लाइट गेली तर?" उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हते. म्हणून सध्या आमच्याकडे गोड्या पाण्याची लहान टाकी आली आहे, गप्पी माशांची. वर्षभर त्याने रोज दाणे टाकले, दर आठवड्याला थोडे पाणी बदलले आणि एकदाही मला आठवण करून द्यावी लागली नाही, तर समुद्राचे पुढे बोलू, असे ठरले आहे.

तुमच्या घरीही मुले असा हट्ट करत असतील. हट्ट वाईट नाही. फक्त दुकानात किंमत विचारण्याआधी विचारा की हा काय खातो, आणि आपल्यासमोर त्याला ते खायला घालायला सांगा. दुकानदार म्हणेल, "घरी गेल्यावर भूक लागली की खाईल." तसे म्हणाला, तर तो मासा आणू नका.