मागत होते तेव्हा लस नव्हती

२०२१च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांचे जे फोन येत, त्यात परीक्षेचं कुणी काढतच नसे. विचारणा एकच: ‘मॅडम, लसीसाठी ग्रामीण रुग्णालयात कुणी ओळखीचं आहे का?’ मी नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात, तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. त्या वेळी राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारीही होते, म्हणजे महाविद्यालयातलं कुणाच्याच वाट्याला न येणारं काम माझ्या वाट्याला. एप्रिलमध्ये नाशिक शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. रेमडेसिविरसाठी लोक रात्रभर दुकानाबाहेर बसत होते. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की भावपूर्ण श्रद्धांजली. अशा दिवसांत, १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाला कोरोनाची लस खुली झाली. लसीला नाही म्हणणारं त्या आठवड्यात माझ्या वर्गात कुणी होतं, असं मला वाटत नाही.

पण लस कुठे होती? ऑनलाइन नोंदणीचे स्लॉट उघडायचे आणि मिनिटभरात भरून जायचे. आमच्याकडे बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील मळ्यात. ओटीपी वडिलांना विचारून मुलीने टाकेपर्यंत खेळ खलास. सकाळी रुग्णालयाच्या दारात नाशिकच्या आणि मुंबईच्या गाड्या लागलेल्या. गाडीतून उतरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. जिथे रिकाम्या स्लॉटचा हिरवा चौकोन दिसला तिथे ते आले. मात्र आपल्याच गावच्या दवाखान्यात परगावचे लोक दंड पुढे करताहेत आणि आपण कंपाउंडला टेकून उभे आहोत, हे ज्या पोरांनी पाहिलं, त्यांच्या मनात काय बसलं असेल? पुढे दुसऱ्याच आठवड्यात साठा अपुरा म्हणून राज्यात तरुणांचं लसीकरण थांबवलं. पंचेचाळिशीच्या पुढच्यांचे दुसरे डोस अडले होते, तेव्हा निर्णय रास्तच होता. तरुणांसाठी लस पुन्हा सुरू झाली ती जून सरता सरता.

तोवर दुसरी लाट ओसरली. भीती गेली आणि तिच्याबरोबर निकडही गेली.

ऑक्टोबरमध्ये चित्र पार उलटलं. २० तारखेपासून महाविद्यालयं उघडायची ठरली, अठरा पूर्ण झालेल्यांना दोन्ही डोस झालेले हवेत, ही अट. वरून एक तक्ता आला. विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, पहिला डोस, दुसरा डोस आणि न घेतल्याचं कारण. कारणाच्या रकान्यात निवडायला तीनच पर्याय: आजारपण, गर्भवती, इच्छा नाही. मी फोन लावायला बसले आणि पहिल्या दिवशीच लक्षात आलं की या तिन्हींत मावेल असं उत्तर जवळजवळ कुणाचंच नाही.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे गोडी छाटणी. एसवायची, टीवायची मुलं टोळीबरोबर बागेत असतात. छाटणी आणि काड्यांना पेस्ट लावण्याचं काम उक्तं घेतलेलं असतं. एकजण म्हणाला, ‘मॅडम, ताप आला तर दोन रोज बुडतात. टोळी थांबत नाही, दुसरा गडी घेती.’ त्याला लसीचं वावडं नव्हतं. सुई टोचल्यावर येणाऱ्या तापाचा खर्च कोण भरणार, एवढाच त्याचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. उलट ‘किरकोळ ताप येऊ शकतो’ असं छापलेलं. पगारी माणसाचा ताप किरकोळ असतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचं वेगळंच. लस घेतली की दम लागतो, सोळाशे मीटरचा टायमिंग जातो, असं भरतीच्या अकादमीतल्या कुणीतरी पसरवलेलं. नाशिकमध्ये लस घेतल्यावर अंगाला चमचे आणि नाणी चिकटतात असा दावा करणाऱ्या गृहस्थांचा व्हिडिओ जूनमध्ये घराघरांत फिरला होता, त्याची मात्र मुलं फक्त चेष्टा करत. त्याच्यामुळे लस टाळलेला एकही विद्यार्थी मला भेटला नाही. अफवांच्या नावाने आपण फार बोटं मोडतो. ज्या अफवेत आपल्या पोटाचा किंवा लग्नाचा संबंध नाही, ती करमणुकीवर संपते.

लग्नाचा संबंध असलेली मात्र चांगलीच भिनली होती. पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका, हा मेसेज खोटा असल्याचा खुलासा सरकारने एप्रिलमध्येच केला होता. मेसेज आमच्या मुलींपर्यंत पोहोचला, खुलासा पोहोचला नाही. त्याच्याच शेपटाला मूल न होण्याची भीती. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, प्रतिकारशक्तीच्या पेपरात अँटिबॉडीची आकृती माझ्याहून सुबक काढणारी, फोनवर म्हणाली, ‘मॅडम, मला सगळं माहितीये हो. आई नको म्हणते.’ आईला फोन दिला. मी रीतसर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘औंदा स्थळं बघतोय तिला. लग्नानंतर काही इकडचं तिकडं झालं, तर तुम्ही येणार का मॅडम निस्तरायला?’

याउलट बीएचा एक मुलगा. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध नाही. दुसऱ्या लाटेत वडील गेलेले. मी नाव घेऊन लसीचं बोलायला लागले, तर मधेच म्हणाला, ‘कुठं यायचं ते सांगा.’

दोन डोसच्या नियमाचीही एक गंमत झाली. कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर तेव्हा चौऱ्याऐंशी दिवसांचं. सप्टेंबरअखेर पहिला डोस घेतलेल्याचा दुसरा डिसेंबरात येणार. ज्याने अजून काहीच घेतलं नव्हतं, त्याने सरळ हिशोब केला: आत्ता घेऊनही वर्गात बसू देणार नाहीत, मग छाटणी उरकू, दिवाळी करू, मग बघू. उशीर झालेल्याला घाईच राहू नये, अशी ती अट होती.

मग २५ ऑक्टोबरला महाविद्यालयांतच लस देण्याचं ‘मिशन युवा स्वास्थ्य’ सुरू झालं, २ नोव्हेंबरपर्यंत. लस प्रथमच आमच्या आवारात आली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टर निळा कॅरियर घेऊन जिमखान्याच्या हॉलमध्ये बसल्या. कोविशील्डची एक व्हायल दहा जणांची, आणि उघडली की चार तासांत संपवायची. म्हणून दहा डोकी जमल्याशिवाय सिस्टर व्हायल उघडेनात. पहिल्या सकाळी सातजण आले, खुर्च्यांवर बसले आणि बसूनच राहिले. सिस्टर म्हणाल्या, ‘अजून तीन आणा, मग फोडते.’

पुढे जे झालं ते माझ्या कुठल्याही व्याख्यानाने झालं नसतं. त्या सातांनी फोन काढले. ‘ये ना रे, तुझ्यामुळे आमचं अडलंय.’ कॅन्टीनमधून एकाला दंडाला धरून आणलं. ‘मी फक्त बघायला आलेय’ म्हणणारी एक मुलगी नववी झाली. दहावा भरतीवाला होता, मित्रांनी चक्क पैज लावून बसवलेला. टोचून घेतल्यावर अर्धा तास सगळे एकत्र बसले, एकमेकांचे हात बघत. सिस्टरनी तापाच्या गोळ्या दिल्या आणि ‘रात्री अंग मोडून येईल, घाबरू नका, परवा कामाला लागाल’ असं खणखणीत सांगितलं. किरकोळ वगैरे काही म्हणाल्या नाहीत. रात्री वर्गाच्या ग्रुपवर कुणाला किती ताप याचीच चढाओढ. तिसऱ्या दिवशी भरतीवाला मैदानावर धावताना दिसला, आणि अकादमीची पाचसहा पोरं न बोलावता आली. बागेतल्या मुलांसाठी सिस्टरनी एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचनंतर सत्र ठेवलं, रविवार तापाला मोकळा राहावा म्हणून. त्या दिवशी व्हायलसाठी थांबावं लागलं नाही.

त्या हुशार मुलीच्या आईला मी कॉलेजात बोलावून घेतलं, पण बोलल्या सिस्टर. त्या शेजारच्याच गावच्या. ‘माझ्या सुनेनं जूनमध्येच घेतली. आता तिसरा महिना चाललाय तिला. माझ्या घरचं सांगते, पुस्तकातलं नाही.’ आईने आणखी दोन प्रश्न विचारले, दोन्ही सुनेबद्दलचे. मग लेकीला म्हणाल्या, ‘घे जा.’

सगळ्यांनी घेतली असं नाही. काही पोरं शेवटपर्यंत फिरकली नाहीत. त्यांतली थोडी जानेवारीत ओमायक्रॉनच्या बातम्या आल्यावर आपणहून केंद्रावर गेली. भीतीला पुन्हा भरती आली होती, एवढंच.

महाविद्यालयांकडून लसीकरणाची टक्केवारी मागवणाऱ्या कार्यालयांना माझं सांगणं आहे: पुढच्या वेळी तक्त्यातला ‘इच्छा नाही’ हा पर्याय काढून टाका, आणि ज्या आठवड्यात मुलं ओळख काढून लस मागत असतील, त्याच आठवड्यात ती महाविद्यालयाच्या आवारात पोहोचवा. सत्र शनिवारी संध्याकाळी ठेवा, आणि सिस्टर गावाजवळची द्या.