डोरल्याचा गारवा

उन्हाळ्यात गच्चीवर आजीच्या कुशीत शिरलं की आधी जाणवायचा तो तिच्या डोरल्याचा गारवा. अमरावतीचं ऊन दिवसभर प्यायलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत धगधगत असायची, शिंपडलेलं पाणी केव्हाच उडून गेलेलं, गादीही कोमट; आणि त्या उष्म्यात गालाला टेकलेला पदरावरचा एखादा गार मणी. क्षणभरच. मग तोही अंगाएवढा ऊन होई, आणि मी पोतीतला पुढचा मणी चाचपत राही. "काय चुळबुळ करून रायली वं पोरी? झोप आता."

ते सोनं सराफ्यातून आलं, एवढंच आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्याच्याही आधीची वाट मला फार उशिरा कळली, आणि तेव्हा गालच आधी शहारला. कुठेतरी न्यूट्रॉनांचा असा लोंढा येतो की अणुकेंद्रकं ढासळायच्या आतच एकामागून एक न्यूट्रॉन गिळत जातात. सारा खेळ जेमतेम सेकंदाचा, मग सावकाश निवत त्यांतली काही सोन्यापाशी येऊन थांबतात. १७ ऑगस्ट २०१७ला तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचं कळलं, आणि त्या उजेडात अशाच जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही मागाहून तिकडे कान लावला होता.

पण त्या वाटेवरची केंद्रकं किती भराभर न्यूट्रॉन गिळतात, हे मोजायचं कसं? कित्येक तर पापणी लवायच्या आत संपतात. मोकळा न्यूट्रॉनही पंधरा मिनिटांचाच पाहुणा. दोघांची गाठ घालायची कुठे?

मग आडवाट. कुलाब्याच्या पेलेट्रॉन या कणत्वरकावर भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी थोरियमवर लिथियमचा झोत सोडला. लिथियम फुटतं, त्याचा एक तुकडा उडून जातो, उरलेला थोरियममध्ये शिरतो, आणि जे केंद्रक तयार होतं ते अगदी तेच, जे सत्तावीस दिवसांत निम्मं सरणाऱ्या प्रोटॅक्टिनियमने न्यूट्रॉन गिळल्यावर झालं असतं. २००८ साली प्रसिद्ध झालेलं ते काम अणुभट्टीसाठीचं, न्यूट्रॉनने होणाऱ्या विखंडनाचं. पण ताऱ्यांचा हिशेब करणारेही हीच आडवाट धरतात. फक्त तिथे ती अधिक निसरडी. आडवाटेने आलेलं केंद्रक स्वतःची निराळी गिरकी घेऊन येतं, आणि न्यूट्रॉन ठेवून घेणार की सोडून देणार, हे त्या गिरकीवरही ठरतं. तेवढा फरक गणितात वळता करावा लागतो.

मला हे अदमासाचं शास्त्र मोजमापाच्या शास्त्राहून जवळचं वाटतं. कदाचित आबाजींमुळे, माझ्या आजोबांमुळे. वावरात चार ठिकाणच्या पऱ्हाटीची बोंडं मोजून ते कापूस किती येईल ते सांगत, वेचणीला महिना असताना. प्रयोगाच्या आवाक्याबाहेरच्या केंद्रकांसाठी दोन जाणत्यांची गणितं आजही दहापट, कधी शंभरपट वेगळी निघतात, आणि ती तशीच शेजारी शेजारी छापली जातात, हे वाचून मला हसू आलं. आबाजी दहा क्विंटल म्हणत, पानाला चुना लावत, आणि मग हळूच जोडत, "दोन इकडं, दोन तिकडं."