कुठलं देऊळ रे?

बी.ई. होऊन नोकरी लागली आणि माझा ड्रॉइंग टॅब्लेट माळ्यावर गेला, तो नऊ वर्षांनी खाली आला. पहिलं चित्र काढलं आमच्या लहरीपुरा दरवाज्याचं. आईने चष्मा लावून पाहिलं. "छान आहे. कुठलं देऊळ रे?"

ज्याच्याखालून दहा वर्षं शाळेत गेलो, त्याची कमान मला आठवेना! रेघ चुकली की 'अनडू', परत 'अनडू'. तासाभराने स्क्रीन कोरीच.

एका रविवारी कीर्तिमंदिरात गेलो. नंदलाल बोस यांनी 1939 पासून तिथल्या भिंती रंगवल्या. 'गंगावतरण'मधली ती न अडखळणारी रेघ बघत बराच वेळ उभा राहिलो. भिंतीवर कुठला अनडू? घरी येऊन ते बटणच बंद केलं. आता दर रविवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आत, दरवाज्यासमोर बसून काढतो. पहिली पाच-सहा चित्रं दाखवण्यासारखी नाहीत. पण कमान हळूहळू भिंतीला टेकायला लागली, सावल्या एका बाजूला पडू लागल्या.

अकरावं चित्र आईला दाखवलं.

"लहरीपुरा! पण माणसं कुठे गेली सगळी?"

म्हणजे आता संध्याकाळी जायला हवं. त्या गर्दीत बसायला जागा मिळाली तर.