गेट आउट

इंग्रजी भाषेतील काही क्रियापदे एकेकटी असतात तोवर अगदी गरीब स्वभावाची असतात. 'गेट' म्हणजे मिळणे आणि 'आउट' म्हणजे बाहेर. यांतला कोणताही शब्द कोणाच्या अध्यात ना मध्यात. परंतु या दोघांची गाठ पडून ते एखाद्या रागावलेल्या तोंडातून बाहेर आले, की ज्याला उद्देशून ते उच्चारलेले असतात त्याला बाहेरच्या वाटेखेरीज दुसरे काहीच मिळत नाही!

अशी जोडनावे इंग्रजीत शेकडो आहेत. 'गेट अप' म्हणजे उठणे, 'गेट ऑन' म्हणजे गाडीत चढणे आणि माणसांशी पटणेही, 'गेट ओव्हर' म्हणजे दुःखातून सावरणे. मराठीत हे काम एका क्रियापदाच्या मागून येणारे दुसरे क्रियापद करते. 'खाल्ले' यात नुसती हकीकत आहे. पण 'खाऊन टाकले' यात उतावीळ आहे, 'खाऊन घेतले' यात सोय आहे आणि 'खाऊन पाहिले' यात शंका आहे. इंग्रज माणूस आपल्या क्रियापदाला दिशा जोडतो. आपण त्याला माणसाच्या मनाचा कल जोडतो.

खुद्द इंग्रजांच्या घरात 'गेट आउट' हे काही नेहमीच रागाचे बोलणे नसते. गुपित फुटले, मोटारीतून उतरलो, कापडावरचा डाग निघाला, आजोबा हल्ली फारसे बाहेर पडत नाहीत, अशा कितीतरी साध्या वाक्यांत ते सुखाने नांदत असते. आपल्याकडे मात्र ते आले ते साहेबाच्या कचेरीतून आणि मास्तरांच्या वर्गातून. शब्द ज्याच्या तोंडून प्रथम ऐकावा त्याच्या तोंडाची चव त्याला कायमची लागून राहते. ज्याला इंग्रजीचे दुसरे अक्षर येत नाही त्यालाही 'गेट आउट'चा अर्थ बरोबर कळतो.

आपल्या मराठीला मात्र जाण्याचेच मोठे वावडे आहे. निघणारा मनुष्य 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि चुकून 'जातो' म्हणालाच तर घरातले वडील माणूस 'येतो म्हणावं' असे लगेच सुचवते. पाहुणा उठला की आपण 'या' म्हणतो. फुटलेली बांगडी 'वाढवते' आणि बंद झालेले दुकान 'वाढवतात'. फार काय, माणसाला हाकलून देण्यालाही आपण मंगल वस्त्र नेसवले आहे. नोकरीवरून काढला त्याला 'नारळ दिला' म्हणतात आणि मान धरून बाहेर घातला त्याला 'अर्धचंद्र दिला' म्हणतात. नारळ देवापुढचा आणि चंद्र शंकराच्या माथ्यावरचा! हाकलला जाणाराही क्षणभर धन्य व्हावा, अशीच ही योजना आहे.

एका साऱ्या राज्याला 'निघा' म्हणण्याची पाळी या देशावर आली तेव्हा तो शब्द आमच्या वर्धा जिल्ह्यात घडावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्तेने हिंदुस्थानातून निघून जावे असा ठराव केला आणि ८ ऑगस्टला मुंबईस गवालिया टँकवर त्यावर शिक्कामोर्तब झाले. या मागणीला सुटसुटीत इंग्रजी घोषवाक्य शोधताना कोणीतरी 'गेट आउट' सुचवले. ते असभ्य म्हणून गांधीजींनी नाकारले आणि युसुफ मेहेरअली यांनी पुढे केलेले 'क्विट इंडिया' पत्करले, असे सांगतात. मराठीनेही 'चालते व्हा' हा आपला घरगुती शब्द बाजूला ठेवून 'चले जाव' हा हिंदी शब्द जवळ केला. 'चालते व्हा' यात भांडण आहे. 'चले जाव' यात मागणी आहे.

वर्ध्याच्या त्या ठरावात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. जायचे ते सत्तेने. प्रत्येक इंग्रज माणसाने देश सोडावा असा त्याचा अर्थ नव्हता. जे हा देश आपले घर मानून इतरांच्या बरोबरीने नागरिक म्हणून राहू इच्छितील, त्यांनी तर जावयाचे नव्हतेच. व्हाइसरॉयांना हा ठराव समजावून सांगण्यासाठी दिल्लीस कोण गेले? इंग्लंडच्या आरमारातील एका अधिकाऱ्याची कन्या मॅडेलीन स्लेड, म्हणजे गांधीजींच्या मीराबेन. लॉर्ड लिन्लिथगो यांनी त्यांना भेट नाकारली आणि त्यांच्या खाजगी चिटणिसाशी बोलूनच बाईंना परतावे लागले. 'आपण निघावे' असे नम्रपणे सांगावयास आलेल्या इंग्रज स्त्रीला इंग्रजाच्याच दाराबाहेर राहावे लागले. सभ्य शब्दाला मिळालेले उत्तर पुढे याच जिल्ह्यातील आष्टीनेही पाहिले. १६ ऑगस्टला तेथील पोलीस ठाण्यापुढे माणसे गोळ्यांना बळी पडली आणि संतापलेल्या जमावाकडून पोलीसही मारले गेले.

इंग्रज १९४७ साली गेले. 'गेट आउट' राहिले. मी या जिल्ह्यातील एका गावी काही वर्षे इंग्रजी शिकवीत असे. एकदा वर्गाला या क्रियापदाचा रोजच्या वाक्यात उपयोग करून आणावयास सांगितले. बहुतेक वाक्ये एका साच्यातून काढलेली होती. कोठे मास्तर रागावले होते, कोठे साहेब, कोठे घरमालक. एका मुलाने मात्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत असे काही लिहिले होते की, 'माझ्या आईला कोणी गेट आउट म्हणत नाही. ती लोकांच्या अंगणात काम करते.' मुलाने ते तक्रार म्हणून लिहिले नव्हते; आईच्या मालकिणी भल्या आहेत, एवढेच त्याला सांगावयाचे असावे. मी वाक्य बरोबर म्हणून खूण केली आणि वही परत दिली. वाक्य मात्र माझ्यापाशी राहिले.

आपल्या सौजन्याचा हिशेब त्या दोन ओळींनी मला उलगडून दाखविला. 'जातो' न म्हणण्याची, नारळ देण्याची, 'या' म्हणून निरोप देण्याची ही सारी रीत उंबरठ्याच्या आतल्या माणसांसाठी आहे. ज्याला 'या, बसा' असे कधी म्हटलेच नाही, त्याला 'चालता हो' म्हणण्याची वेळ कशाला येईल? पिढ्यान्‌पिढ्या एका शब्दानेही न दुखवता आपण कितीतरी माणसे बाहेर ठेवली. साहेबाचे 'गेट आउट' ऐकू तरी येत असे, म्हणून त्याच्याशी झगडता आले. न उच्चारलेल्या शब्दाविरुद्ध ठराव कसा करावा?

आणि तरी तसे काही वर्ध्यास झाले आहे. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी तेथील आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. चौदा वर्षांनी त्याच गावी झालेल्या ठरावाचा गाजावाजा साऱ्या जगात झाला आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु सत्तेला 'जा' म्हणण्यापूर्वी त्या गावात कोणीतरी आपल्या शेजाऱ्याला 'या' म्हटले होते, हे मला त्याहून थोडे अधिक अवघड वाटते. 'जा' म्हणावयास धैर्य लागते. 'या' म्हणावयाचे तर स्वतःचे दार उघडावे लागते.

म्हणून 'येतो' या आपल्या गोड शब्दाचा अभिमान बाळगताना मी आता जरा बेताने बाळगतो. जाताना 'येतो' म्हणावयाचे, तर त्या दारातून मनुष्य निदान एकदा आत आलेला असावा लागतो.