तात्यांचा पाना आणि चळवळीचा हिशोब



चळवळीतला माणूस कोणाला म्हणायचे? मोर्चात पुढे असतो तो, जेलमध्ये जाऊन आलेला, व्यासपीठावर बोलणारा, जयंतीची वर्गणी गोळा करणारा. ही आपली ठरलेली मोजमापे आहेत. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे. अपुऱ्या मोजमापाने हिशोब केला की आपलीच माणसे हिशोबाबाहेर राहतात.

गेल्या महिन्यात आमचे तात्या गेले. वय ८२. आमच्या मावशीचे पती, ओझरच्या विमान कारखान्यातले निवृत्त फिटर. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक वक्ते म्हणाले, "भला माणूस होता, संसारी होता, चळवळीत मात्र फारसा दिसला नाही." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तरीही हे वाक्य आम्हाला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे तरुण कार्यकर्त्यांसमोर मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

तात्यांचा जन्म १९४३ चा, निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातला. वडील गावकीची कामे करायचे. मेलेले ढोर ओढायचे, सांगावा पोचवायचा आणि बदल्यात शिळी भाकर. महारवतनाच्या या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते, पण तात्यांच्या लहानपणीही ती गुलामी पुरती सुटलेली नव्हती. तात्या जन्मले त्या १९४३ सालीच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय त्याच वर्षीचा. युद्धकाळातली तंत्रशिक्षणाची योजनाही त्यांच्याच खात्याकडे होती. आपल्या पोरांच्या हातात यंत्र यावे हा त्या माणसाचा ध्यास होता. गांधीजींच्या यंत्रविरोधावर बाबासाहेबांनी कठोर टीका केली, त्यामागचे कारण साधे होते. ज्याच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या ओझे आहे, त्याला यंत्राची भीती दाखवायची नसते. यंत्राने ओझे हलके होते, वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला तरच माणूस वाचतो, विचार करतो.

१९५६ साली घरच्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा तात्या तेरा वर्षांचे होते. पुढे आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला आणि १९६७ साली ओझरला लागले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिकचा विभाग १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठीच उभा राहिला होता. बापाने ढोर ओढले, लेकाने लढाऊ विमान जोडले. एका पिढीत एवढे अंतर कापले गेले, आणि आपण म्हणतो हा माणूस चळवळीत दिसला नाही!

तात्यांच्या कामाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या लेखनात नोकरी लागली एवढेच येते, काम कधीच येत नाही. मिग-२१ ला इंजिन एकच. आकाशात ते बंद पडले तर दुसरे नाही. म्हणून प्रत्येक नट ठरलेल्या ताणानेच आवळायचा, टॉर्क रेंचवर आकडा बघून. अंदाजाने नाही. आवळल्यावर तो थरथरीने सुटू नये म्हणून तारेने बांधायचा. ती तारसुद्धा अशी ओढायची की नट सैल होऊ लागला तर तार त्याला उलट आवळून धरेल. पाळी संपताना हत्यारे मोजायची. एक पाना कमी भरला तर विमान जागचे हलायचे नाही, कारण आत राहिलेला पाना वर गेल्यावर नियंत्रणाच्या दांड्यांत अडकू शकतो. शेवटी कागदावर सही. काम करणाऱ्याची एक, तपासणाऱ्याची दुसरी.

तात्या सांगायचे, "सही केली म्हणजे वर बसलेल्या पोराचा जीव आपल्या नावावर लिहिला."

खंडेनवमीला अनेकजण हत्यारांना हळदकुंकू लावतात. तात्या आपल्या घरातल्या पेटीतली हत्यारे त्या दिवशी रॉकेलने धुवायचे, पुसायचे, मोजायचे, तेलाचा हात फिरवून परत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मावशीला घेऊन त्रिरश्मी लेणीवर. कोणी विचारले तर म्हणायचे, "पान्याला पूजा कळत नाही, गंज कळतो." बुद्धाने धम्माला एहिपस्सिको म्हटले, म्हणजे या आणि स्वतः तपासून पाहा. टॉर्क रेंचचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे न जाणारा हा माणूस त्या शब्दाचा अर्थ रोज आठ तास जगत होता. कार्यकारणभाव त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. नट सैल, तर थरथर. थरथर, तर तडा. तडा, तर मृत्यू. नशिबाला यात जागाच नाही.

कारागिराचा विसर पडणे ही जगभरची गोष्ट आहे. राईट बंधूंची नावे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण १७ डिसेंबर १९०३ ला उडालेल्या त्यांच्या विमानाचे इंजिन चार्ल्स टेलर नावाच्या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत घडवले होते, हे किती जणांना माहीत आहे? १९५६ साली, बाबासाहेब गेले त्याच वर्षी, तो वारला तेव्हा तो गरिबीत होता. म्हणजे हाताने काम करणाऱ्याला विसरणे तिथेही आहे. फरक इतकाच, की तिथे ती वर्गाची उपेक्षा आहे. इथे तिला जन्माचा शिक्का आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये दाखवून दिले की जात केवळ कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वाटून, एकावर एक रचून ठेवते. मग हाताने काम करणारा खालचा आणि तोंडाने बोलणारा वरचा ठरतो. आता प्रामाणिकपणे विचार करा. वक्ता तो कार्यकर्ता आणि फिटर तो संसारी, ही विभागणी करताना आपण कोणाचे मोजमाप वापरतो आहोत? ही उतरंड आपल्या चळवळीत कशाला हवी?

आता संसारी या शब्दाकडे येऊ. तो थोडा कमीपणाने वापरला गेला, म्हणून.

मावशीचे लग्न १९६८ चे. सुरुवातीला ती तात्यांना चारचौघांत 'मालक' म्हणायची, त्या काळच्या सगळ्या बायका म्हणत तशी. तात्यांनी तिला सांगितले, "मालक वतनाचा असतो, ढोराचा असतो. तू काय माझं वतन आहेस का?" मराठीत नवऱ्यासाठी मालक, धनी, यजमान हे शब्द सर्रास चालतात आणि सगळ्यांत मालकी आहे. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत स्त्रियांना सांगितले होते की पत्नीने पतीची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नाही. पुढे हिंदू कोड बिल अडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या राजीनाम्यावर आपण तासभर बोलतो. पण घरी गेल्यावर पाण्याचा पेला कोण आणून देते?

सिगालोवाद सुत्तात बुद्धाने पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे, तिला वस्त्रालंकार देणे. पगाराचे पाकीट तात्या मावशीच्या हातात द्यायचे. हिशोब तीच ठेवायची, जमिनीचा तुकडा घ्यायचा की नाही हे तीच ठरवायची.

२००९ साली मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे तुटक झाले. त्यानंतर अकरा वर्षे, ती २०२० साली जाईपर्यंत, तात्यांनी तिचे सगळे केले. आंघोळ, वेणी, भरवणे, बेडपॅन. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्यासाठी एक वही होती. वेळ, औषध, रक्तदाब, लघवी, कूस डावी की उजवी, आणि प्रत्येक नोंदीपुढे स्वतःची सही. सून म्हणायची, "तात्या, घरच्या घरी सही कशाला?" तर म्हणायचे, "जबाबदारी घरच्या घरी बदलते का?" अकरा वर्षांत मावशीच्या पाठीला एकही जखम झाली नाही. हे आम्ही समाजकार्यात अनेक घरांतले आजारी लोक पाहून सांगतो आहोत: ही साधी गोष्ट नाही.

वस्तीत कुजबुज व्हायचीच. बाईचे काम करतो म्हणून कोणी हसायचे, कोणी कीव करायचे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ साली 'द सेकंड शिफ्ट' या पुस्तकात दाखवले की नोकरी करणाऱ्या स्त्रीला घरी आल्यावर बिनपगारी दुसरी पाळी करावी लागते. तात्यांनी कारखान्यातली पाळी संपल्यावर ती दुसरी पाळी आपल्या नावावर लावून घेतली. आणि धम्मात याला आधार आहे. विनयपिटकात प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडून होता, कोणी विचारत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे संघाला बजावले. शास्त्याच्या हातांना जे काम हलके वाटले नाही, ते आपल्या हातांना का वाटावे?

यावर काही मित्र म्हणतील, सगळेच घरात सेवा करत बसले तर रस्त्यावर कोण उतरणार? प्रश्न रास्त आहे. रस्त्यावरच्या लढ्याशिवाय हक्क मिळालेले नाहीत आणि टिकणारही नाहीत. तात्यांना नोकरी मिळाली ती लढ्यामुळेच, हे तेही जाणून होते. पण आम्ही मोर्चा सोडा असे म्हणतच नाही. मोर्चाने मिळवलेली समता कोणत्या जागी नांदायची ते आम्ही विचारतो आहोत. ती कामाच्या बाकावर नसेल, स्वयंपाकघरात नसेल, आजारी बायकोच्या खाटेपाशी नसेल, तर मग ती फक्त बॅनरवर उरते. आणि हेही विसरू नका की कार्यकर्ता जेव्हा महिनाभर दौऱ्यावर असतो, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईबापाचे अंथरूण कोणी तरी आवरत असते. बहुतेक वेळा ती बाई असते आणि तिचे नाव अहवालात येत नाही.

तेव्हा तरुण मित्रांना आणि मैत्रिणींना आमचे दोन गोष्टींचे आवाहन आहे. तुमच्या वस्तीत आयटीआय करून पहिल्यांदा यंत्राला हात लावलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. रेल्वेत, गिरणीत, आयुध निर्माणीत, विमानाच्या हँगरमध्ये काम केलेली ही माणसे आहेत. त्यांच्याजवळ बसा. त्यांना भाषण मागू नका, काम विचारा. पहिल्या दिवशी हातात काय दिले, कोणी शिकवले, हत्यार कसे धरायचे, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आपल्या मुक्तीचा इतिहास त्यांच्या हातांच्या घट्ट्यांत आहे आणि तो झपाट्याने चालला आहे.

दुसरी गोष्ट पुरुष कार्यकर्त्यांसाठी. पुढच्या बैठकीत कार्याचा अहवाल देताना एक प्रश्न स्वतःला विचारा: या महिन्यात घरातल्या कोणत्या कामापुढे आपली सही आहे?

जयभीम! नमो बुद्धाय!