लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा

मी बडोद्याचा. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत कोकणातून इकडे आले, कचेरीत कारकून म्हणून लागले आणि आमचं घर कायमचं दांडिया बाजारचं झालं. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, असं चार पिढ्या चाललंय. मी एम. एस. युनिव्हर्सिटीचा बी.कॉम. 1972 साली एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि 2011 साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आज लिहायला बसलोय ते मात्र धाकट्या लेकीच्या नोकरीवर. निमित्त तिचं, हिशेब माझा.

लेक इथल्याच फाइन आर्ट्सला उपयोजित कला शिकली. लहानपणापासून हात चांगला. पुण्यात एका डिझाइन स्टुडिओत लागली. काम वेष्टनांचं, म्हणजे मसाल्याची पाकिटं, चहाचे डबे, बिस्किटांचे पुडे. आपण दुकानात पुडा उचलतो, पिशवीत टाकतो, झालं. पण त्या पुड्यावर नाव केवढं, रंग कोणता, घडी कुठे पडणार, शाकाहारीचा हिरवा ठिपका कुठे, वजन कुठे, बारकोड कुठे, हे सगळं कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. दहा-बारा वर्षं तिनं हे काम एकटीनं केलं आणि नाव कमावलं. मग मालकांनी तिच्या हाताखाली सहा मुलं दिली आणि सांगितलं, आता टीम तू सांभाळ. आम्ही इकडे पेढे वाटले.

वर्षभरानं एकदा रात्री अकराला तिचा फोन आला.

"बाबा, मी परत नुसती डिझायनर होऊ का? उद्या ऑफिसात तसं सांगणार आहे."

मी म्हटलं, "आधी काय झालं ते सांग."

"दिवसभर मीटिंग असतात. संध्याकाळी पोरांच्या फाइली येतात. मला पसंत पडत नाहीत, मग रात्री बसून मीच पुन्हा करते. परवा एकानं अर्धवटच फाइल पाठवली. विचारलं तर म्हणतो, ताई, तुम्ही शेवटी बदलणारच आहात ना? आणि बाबा, गेल्या आठवड्यात एका डब्यावर 250 ग्रॅमच्या जागी 200 ग्रॅम गेलं होतं. छपाईवाल्यानं पकडलं म्हणून वाचलो. ती फाइल कोणाची होती, माहितेय? माझी. रात्री दोन वाजता केलेली."

थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आणि जी कामं माझी म्हणून जातात ती अशी चोरून केलेली. दिवसाउजेडी, माझी म्हणून, वर्षभरात मी एक रेष ओढली नाही."

हे शेवटचं वाक्य मला आत कुठेतरी लागलं. कारण अगदी हेच, रेषेच्या जागी आकडा घालून, मी 1981 साली मनात म्हणत होतो.

त्या काळची बँक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटर नव्हते. बचत खात्याची मोठाली लेजरं, एकेका खातेदाराचं एकेक पान. व्हाउचरवरून नोंद करायची, शिल्लक काढायची. व्याज तेव्हा महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं. ते प्रत्येक खात्याचं हातानं काढावं लागे, तेही वर्षातून दोनदा. मी त्यात तरबेज होतो. माझ्या लेजरचं बॅलन्सिंग पहिल्या फटक्यात जुळायचं, आणि इतर शाखांतूनसुद्धा फरक शोधायला मला बोलावणं यायचं. खोटं कशाला बोलू, त्याचा मला अभिमान होता.

1981 मध्ये प्रमोशन मिळालं. आमच्यात कितीतरी हुशार माणसं प्रमोशन नको म्हणून लिहून देत, आणि त्यांना वेडं म्हणता येत नव्हतं. ओव्हरटाइम गेला. बदली झाली पंचमहालातल्या एका तालुक्याच्या गावी. सौ. आणि मुलं बडोद्यात, मी तिकडे एका खोलीत. काल ज्यांच्याबरोबर युनियनच्या सभेत सतरंजीवर बसलो होतो, ते आज चहाच्या टपरीवर मला बघून विषय बदलू लागले. ते सगळं सोसलं. पण सर्वांत अवघड गेलं ते हे, की लेजर समोर असायचं आणि त्यात लिहायचं नाही.

आमचे तिथले मॅनेजर गुजराती गृहस्थ, निवृत्तीला आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "पेन नीचे मूको, भाई." पेन खाली ठेवा. मला वाटलं, साहेबी थाट शिकवतायत. ते म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच सांगतो. लेजरात क्लार्क लिहिणार आणि तुम्ही तपासून सही करणार. तुम्हीच लिहायला लागलात तर तुम्हाला तपासणार कोण?"

बी.कॉम.ला ऑडिटिंगच्या पेपरात हेच शिकलो होतो, पण ते मार्कांपुरतं. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात त्यातही हीच गोष्ट. त्याचा अर्थ कॅशियर चोर आहे असा नाही. एकट्या माणसाचा डोळा थकतो, आणि स्वतःनं लिहिलेलं वाचताना तो लिहिलेलं वाचत नाही, मनात असलेलं वाचतो. म्हणून दुसरा डोळा लागतो. अधिकारी म्हणजे तो दुसरा डोळा. त्यानं हात चालवायला सुरुवात केली की शाखेत एक हात वाढतो खरा, पण डोळा कमी होतो.

हे पटलं, तरी पाळणं सोपं नव्हतं. 31 डिसेंबरची गोष्ट. तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपायचं. रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि बचत खात्याची बेरीज जनरल लेजरशी जुळत नव्हती. फरक 63 रुपयांचा. लेजर होतं एका नव्या मुलाकडे. सहाच महिन्यांची नोकरी, चेहरा पांढराफटक. बाकीच्यांना घरी जायचं होतं. हेड क्लार्क मला म्हणाले, "साहेब, तुम्ही बसा ना. दहा मिनिटांत काढाल." काढलाही असता. पण मी बसलो नाही.

त्या मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून विचारलं, "फरक किती?"

"63."

"नऊनं भाग जातो?"

त्यानं मनात केलं. "जातो. सात."

जुने लोक जाणतात, फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला की बहुधा आकडे उलटे पडलेले असतात. भागाकार सात आला, म्हणजे शेजारशेजारच्या ज्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, त्यांच्यात सातचं अंतर. 18 च्या जागी 81, नाहीतर 29 च्या जागी 92. मी त्याला एवढंच सांगितलं आणि म्हटलं, "आता अशी जोडी असलेल्याच शिलका बघ. बाकी सोड."

पाऊण तास लागला. मला दहा मिनिटं लागली असती, त्याला पाऊण तास. हेड क्लार्कनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो म्हटलं तरी चालेल. शेवटी तो ओरडलाच, "साहेब, सापडलं! 1,418 च्या जागी 1,481!" त्याला त्या रात्री जो आनंद झाला तो मी हिरावून घेतला नाही, याचं समाधान मला आजही आहे. पुढच्या अखेरीला त्याचा फरक त्यानंच काढला, आणि शेजारच्याचाही. मी टेबलावर बसून सह्या करत होतो.

हे सगळं मी लेकीला फोनवर सांगितलं नाही. रात्री अकरा ही वेळ बापानं पुराण सांगायची नव्हे. एवढंच म्हटलं, "उद्या काही सांगू नकोस. रविवारी मी येतो."

रविवारी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, बेरीज एकच बरोबर असते. डिझाइनचं तसं नसतं. पोरानं केलेलं चूक नसतं, पण मी केलं असतं तसं नसतं. तिथं काय करायचं?"

प्रश्न रास्त होता. माझ्या लेजरात त्याला उत्तर नव्हतं. मग मला आमचा लक्ष्मी विलास पॅलेस आठवला. त्याचा मूळ आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, ज्यानं कोल्हापूरचा नवा राजवाडा केला तोच. बांधकाम चालू असताना, 1881 साली मँट वारला. आपले हिशेब चुकले, इमारती कोसळतील, या भीतीनं त्याच्या मनाचा तोल गेला होता, असं सांगतात. पुढे रॉबर्ट चिझमनं काम हाती घेतलं आणि 1890 च्या सुमारास पॅलेस पुरा झाला. चिझम स्वतः मोठा वास्तुकार होता, मद्रासेत नाव काढलेला. त्याला काय आपल्या मनासारखं नवं काढता आलं नसतं? पण त्यानं दुसऱ्याचा आराखडा तडीस नेला. पॅलेस आजही उभा आहे.

मी लेकीला म्हटलं, "चूक असेल तिथं थांबव. नुसतं तुझ्यासारखं नसेल तिथं जाऊ दे. या दोन्हींतला फरक ओळखणं हेच आता तुझं काम. रेष ओढण्यापेक्षा ते अवघड आहे, म्हणून तर पगार वाढवलाय."

ती हसली. पण मग मी दुसरंही सांगितलं, कारण ते सांगणं मला गरजेचं वाटलं. आमच्या वेळी बँकेत एकदा अधिकारी झालं की परतीची वाट नव्हती. आता काही कंपन्यांत दोन वाटा ठेवतात. ज्याला हातानं काम करत राहायचंय त्यानं तसंच वर चढावं, ज्याला माणसं सांभाळायची त्यानं ती सांभाळावी. परत जाण्यात कमीपणा नाही. फक्त थकून जाऊ नये, विचार करून जावं. "सहा महिने पेन खाली ठेवून बघ. तरी जीव रमला नाही तर मीच म्हणेन, परत जा."

तिनं तिच्या पद्धतीनं नियम बसवले. पोरांची फाइल स्वतः उघडायचीच नाही. कागदावर छापून भिंतीला लावायची, चार पावलं मागं जाऊन बघायची, आणि शेरा लिहायचा तो प्रश्नाच्या रूपात. 'नाव मोठं कर' असं लिहायचं नाही. 'दुकानात वरच्या फळीवर ठेवलं तर नाव वाचता येईल का?' असं लिहायचं. आणि एक लहानसं काम दर दोन-तीन महिन्यांनी ती स्वतःकडे ठेवते, राजरोसपणे. ते तपासायला देते टीममधल्या सर्वांत लहान मुलीकडे. त्या मुलीनं पहिल्याच खेपेला ताईच्या लेबलावर दोन शंका काढल्या. लेक फोनवर म्हणाली, "एक खरी होती, बाबा."

सहा महिने उलटून दीड वर्ष झालं. परत जायचं म्हणून बोलली नाही, पण अगदी सुखात आहे असंही मी म्हणणार नाही. गेल्या दिवाळीला घरी आली होती. रावपुऱ्यात सामान घ्यायला गेलो तर दुकानात एक चहाचा डबा तिनं हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला. मी विचारलं, "तुझा?"

"टीमचा. यातली एकही रेष माझी नाही." मग डबा उलटा करून तळाचं वजन वाचलं. "बरोबर आहे," म्हणाली आणि पिशवीत टाकला. तिला वाईट वाटलं की बरं, ते मी विचारलं नाही. दोन्ही वाटलं असेल. मला दोन्ही वाटायचं.

हात काही विसरत नाही, मंडळी. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी किराणा दुकानाच्या बिलाची बेरीज मी एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करतो. सौ. म्हणते, मशीननं छापलंय ते. असू दे. माझ्या हाताखालची मुलं मोठी झाली, त्यांतले दोघं पुढे माझ्याही वरच्या हुद्द्यावर गेले, आणि नातवंडांच्या लग्नपत्रिका अजून घरी आणून देतात. माझ्या सुंदर अक्षरातली ती लेजरं केव्हाच रद्दीत गेली असतील.

तुमच्यापैकी कितीतरी जण कचेरीत, शाळेत, कारखान्यात, रंगभूमीवर असे हातानं काम करणारे होते आणि एक दिवस दुसऱ्यांकडून काम करून घेण्याच्या खुर्चीवर बसले. तुमचं पेन कसं सुटलं? की सुटलंच नाही? जरूर लिहा. लेकीला वाचायला देईन.